ध्यानस्थ माणसाची डोली

पाया पडलो तो चुकीच्या माणसाच्या.

महाराज आले आहेत, सगळ्या कुळांनी दर्शनाला यावं, असा मुरबाडहून मालकांचा निरोप आला होता. बंगल्याच्या अंगणात दोन माणसं उभी होती. एक साध्या पांढऱ्या कफनीतला. दुसरा उघडाबंब, रेशमी कद नेसलेला, कपाळभर गंध, अंगावर तुकतुकी. मी म्हटलं, हाच. आडवा झालो आणि त्याची दोन्ही पावलं घट्ट धरली. अर्धवट दर्शन मला आवडत नाही.

तो आचारी निघाला. सोवळ्यातला.

"शिवला! मेला शिवला!" म्हणत त्यानं हातातली पळी माझ्या टाळक्यात घातली. आता त्याला पुन्हा आंघोळ करायची, आणि महाराजांचं जेवण पुन्हा पहिल्यापासून रांधायचं. मालक ओसरीवरून उतरले. म्हणाले, "नाक घास." माझा भाऊ, माझा काका, गावची माणसं बघत होती. मी नाक घासलं. अंगण नुकतंच सारवलेलं होतं, तेवढंच नशीब.

खरे महाराज हसत पुढं आले. हात लागणार नाही इतक्या अंतरावर थांबले. म्हणाले, "बाळ, तुझ्यात, माझ्यात आणि ह्याच्यात एकच चैतन्य आहे." मग आचाऱ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही स्नान करून घ्या."

बाळ! मी दोन पोरांचा बाप होतो.

लढाईची वर्षं होती. मुंबईवर बॉम्ब पडणार म्हणून बोंब उठली आणि पैसेवाली माणसं वाट फुटेल तिकडं पांगली. हे महाराज आधी मुंबईत वकील होते म्हणे. कल्याण ओलांडलं आणि साधक झाले. बॉम्बच्या भीतीनं काही लोकांना देव सापडतो, ह्यांना सगळे देव एकदम सापडले. गळ्यात रुद्राक्ष, त्यावर लाकडी क्रूस, मनगटाला पिराचा गंडा. सकाळी गीता, दुपारी बायबल, दिवेलागणीला कुणा फकिराचं पद. मालकांच्या ओसरीवर मौलवी बसून गेले, पाद्री बसून गेला, शहापूरचे जैन व्यापारी बसून गेले. कुणाच्या देवाला तिथं मज्जाव नव्हता. आम्ही मात्र अंगणात, उन्हात.

"सर्व वाटा एकाच शिखराला जातात," हे त्यांचं लाडकं वाक्य. ओसरीवरची मंडळी डोळे मिटून "वा!" म्हणायची. आम्हीही माना हलवायचो. वाटेनं पाय कुणाचे झिजतात, एवढं कुणी विचारत नव्हतं.

मग महाराजांच्या मनात आलं की नाणेघाटातल्या गुहेत बसून ध्यान करावं. तिथं पूर्वी भिक्षू राहत असतील, त्यांचं स्पंदन दगडात उरलं असेल, असं ते म्हणाले. पायथ्याच्या आमच्या वैशाखरे गावची माणसं पावसात त्या गुहेत गुरं कोंडायची. स्पंदनाचं ठाऊक नाही, वास उरला होता.

महाराज जाणार म्हणजे डोली आली. डोली आली म्हणजे आम्ही आलो. मालकांची जमीन कसायची तर मालक बोलावतील तेव्हा फुकट राबायचं, ही वेठ बापापासून चालत आलेली. नाही म्हटलं की भाताची खाचरं गेली. पुढच्या दांड्याला गणूकाका आणि मी, मागच्या दांड्याला माझा थोरला भाऊ आणि शेजारचा काशिनाथ. मधे खुर्ची, खुर्चीवर मृगाजिन, मृगाजिनावर महाराज. बरोबर मालकांचा कारभारी, हातात काठी.

डोली उचलण्याची एक रीत असते, ती सांगतो. पुढच्याला वाट दिसते. मागच्याच्या डोळ्यांपुढं खुर्चीची पाठ असते, त्याला स्वतःचं पाऊलही दिसत नाही. म्हणून पुढच्यानं ओरडून सांगायचं आणि मागच्यानं जाब द्यायचा.

"धोंडा डावीला!"

"बघला!"

"मूळ हाय, पाय उचल!"

"उचलला!"

मागच्याचे डोळे म्हणजे पुढच्याचं तोंड. माझं तोंड घरी-दारी जरा जास्तच चालतं असं सगळे म्हणतात, पण डोलीखाली त्याची किंमत होती. दादा म्हणायचा, "तू पुढं असलास का मी डोलं मिटून चालतो."

पायथ्याच्या रानात वाघोबाचा शेंदरी दगड आहे. तिथं टेकल्याशिवाय आमच्यातलं कुणी वर जात नाही. आम्ही डोली ठेवली, डहाळी वाहिली. महाराज खुश झाले.

"हा तुमचा देव?"

"व्हय म्हाराज. वाघोबा."

"अहाहा! हाही तोच!" म्हणून त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्याच हात जोडले. उतरले नाहीत. येशू तोच, कृष्ण तोच, वाघोबाही तोच. उरलो आम्ही चौघं. आम्ही कोण ते अजून ठरायचं होतं.

चढ लागला. सागाची पानं गळून वाटेवर ढीगभर पडली होती. खाली दगड आहे की खड्डा, वरून कळत नव्हतं. मी आणि काका पाय चाचपत, ओरडत निघालो. थोडं गेलो आणि मागून काठी माझ्या पोटरीवर बसली.

"ए, गप! महाराजांचं ध्यान मोडतंय."

गणूकाका म्हणाला, "कारभारी, बोललो नाय तर मागल्यांना समजंल कसं?"

महाराजांनी डोळे उघडले. आवाज लोण्यासारखा. "आतल्या डोळ्यानं पाहा. प्रत्येक पाऊल जाणीवपूर्वक टाका. मौन हीदेखील साधना आहे. आज ती तुम्हाला आयती लाभते आहे."

अशी आयती लाभलेली साधना. खांद्यावर दांडा, दांड्यावर वकील, आणि तोंडाला कुलूप.

मी गप बसलो. एवढं लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी गप बसलो. आमची खाचरं माझ्या डोळ्यांपुढं आली, कारभाऱ्याची काठी आली, अंगणात घासलेलं नाक आलं. दोन धोंड्यांमधली फट मला दिसली. मी पाय लांब टाकून ती ओलांडली, काकानंही ओलांडली. हुंकार दिला असता तरी भागलं असतं.

मागं कडकन आवाज झाला. सुक्या फाटीसारखा.

दादाचा पाय फटीत गेला आणि अख्ख्या डोलीचा भार त्यावर आला. डोली कलंडली. महाराज घरंगळत कारवीच्या झुडपात गेले. ओरखडाही नाही. पहिलं वाक्य त्यांचं होतं, "माझं मृगाजिन कुठंय?"

दादाचा पाय गुडघ्याखाली नको त्या बाजूला वळला होता. तो ओरडत नव्हता, दातांत गमछा धरून घामानं निथळत होता. महाराज त्याच्यापाशी येऊन उभे राहिले, पुन्हा तेवढंच अंतर राखून. म्हणाले, "दुःख देहाला होतं. तू देह नाहीस."

दादानं गमछा थुंकला. "मी देह नाय, तर हा पाय कुणाचा म्हाराज? तुमचा आसंल तर घेऊन जा. लय ठणकतोय."

कारभाऱ्यानं वेळ घालवला नाही. म्हणाला, "ह्याला सावलीला टाका. तिघं उचला, चौथ्या जागी वरच्या वाडीतला कुणी बघतो. महाराजांना गुहेत पोचवा. उतरताना ह्याला न्या."

"सांज होईल," काशिनाथ म्हणाला.

"मग होईल."

मी महाराजांकडं बघितलं. खरंच सांगतो, त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की हा माणूस काहीतरी बोलेल. सगळ्या धर्मांची पुस्तकं वाचलेला माणूस. एखाद्या पुस्तकात तर लिहिलं असेल. ते म्हणाले, "कारभारी म्हणतात ते व्यवहार्य आहे. मध्यान्हीच्या आत आसन लागलं पाहिजे."

सगळ्या देवांना जागा होती. एका मोडक्या पायाला नव्हती.

"डोलीत दादा बसंल," मी म्हणालो.

"महाराजांच्या आसनावर?" कारभारी काठी उगारून आला. गणूकाकानं ती वरच्या वर धरली. साठीचा म्हातारा, आयुष्यात कुणाला मोठ्यानं बोलला नव्हता. काही बोलला नाही. नुसती धरली, आणि सोडली नाही.

मी मृगाजिन उचललं. आपटायचं मनात होतं. पण खोड वाईट, नीट झटकून, चौघडी घालून महाराजांच्या हातात दिलं. "हे घ्या. वाट सरळ वर जाते. सगळ्या वाटा शिखरालाच जातात. पाय तुमाला दोन हायेत."

"तुला कळतंय का तू कुणाशी बोलतोस?" महाराज म्हणाले. लोणी वितळलं होतं, खाली वकील होता.

"कळतंय. आताच कळलं."

दादाला खुर्चीत बसवलं. डोलीला चौथा खांदा नव्हता, म्हणून मी एकटा पुढं झालो आणि ते दोघं मागं. उतारावर मी असा ओरडत निघालो की रानातली वानरं पळाली. धोंडा! फट! मूळ! पायरी! आणि मागून जाब येत होता. बघला! बघला!

पाय बसवणाऱ्यानं पाय बसवला, पण वाकडाच बसला. दादा पुन्हा कधी चिखलात उभा राहून लावणी करू शकला नाही.

पंधरवड्यानं कारभारी दारात. म्हणाला, "महाराजांनी तुम्हाला क्षमा केली आहे. बंगल्यावर या, पाया पडा. शहापूरची मंडळी गुहा बघायला यायची आहेत, डोलीला खांदे द्या. खाचरं तुमच्याकडंच राहतील. नाहीतर नाहीत."

पाय दादाचा मोडला आणि क्षमा आम्हाला झाली! त्या वेळपर्यंत माझा राग थोडा निवळलाही असता. त्या क्षमेनं तो कायमचा मनात बसला. मी म्हणालो, "क्षमा परत न्या. तिथं वापरणारे पुष्कळ असतील. डोली आमी उचलणार नाय. ना महाराजांची, ना मालकांची."

खाचरं गेली. त्या पावसाळ्यात आम्ही चुलत्याच्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीवर नाचणी टाकली आणि लाकडं फोडून दिवस काढले. वेठीला मी परत गेलो नाही, माझ्यामागून गावातली आणखी घरं गेली नाहीत. महाराज लढाई संपल्यावर मुंबईला गेले. बॉम्ब पडणार नाहीत याचा त्यांना साक्षात्कार झाला असावा.

पण कारभारी गेला त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. मी छाती काढून घरात शिरलो. बायको भात सडत होती. मी तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. डोलीत दादाला कसं बसवलं, मृगाजिन कसं हातात दिलं, आज क्षमा कशी परत धाडली. हातवारे करून सांगितलं. ती मुसळ थांबवून ऐकत होती. मला वाटलं, आता शाबासकी.

ती म्हणाली, "गप बस म्हणला, तेव्हाच त्या म्हाराजाला खाली ठेवायचा होता. दादांचा पाय मोडायची वाट कशाला बघितलीत? आता फुडं कुणी बी गप म्हणला, का तिथंच खाली ठेवा."