दहापर्यंतचं ऊन

खडा दाखवायचा म्हणजे ते आधी दुकानाचा पडदा ओढून घेत. मग गिऱ्हाइकाला उंबऱ्याशी नेऊन मूठ उघडत आणि मोजायला लागत. एक, दोन, तीन. दहा झाले की मूठ बंद. "बास. ऊन रंग खातं, साहेब."

शहागंजात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान, शेजारी त्यांचं खड्यांचं. शोकेसमध्ये नुसते काचेचे मणी. खरा माल काळ्या कापडात गुंडाळून आतल्या खणात. गिऱ्हाईक मणी बघून पुढच्या दुकानात जाई आणि हे समाधानानं म्हणत, माल शाबूत राहिला. असला दुकानदार तुम्ही पाहिलाय का कुठं? माझ्या टेबलावरचा दिवासुद्धा त्यांनी भिंतीकडं फिरवायला लावला होता.

सगळ्यांत जीव कटेल्यावर. हा जांभळा खडा उन्हानं फिका पडतो हे खरंच आहे, पण त्यापायी त्यांनी बायकोलाही सोडलं नव्हतं. लग्नात तिला कटेल्याची अंगठी केली आणि डबीत ठेवली. दर पाडव्याला डबी उघडायची, दहा मोजायचे, बंद. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भावजी, अंगठी माझी हाय का डबीची, तेवढं इचारा तुमच्या दोस्ताला." मी विचारलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

पुढं वहिनींना मोठं आजारपण आलं. त्या वाचतील असं कुणालाच वाटत नव्हतं, पण वाचल्या. दवाखान्यातून घरी आल्या त्या दिवशी यांनी डबी उघडून अंगठी त्यांच्या बोटात घातली.

महिन्याभरानं त्यांच्या घरी गेलो तर वहिनी गच्चीवर भर उन्हात मिरच्या वाळत घालत होत्या, बोटात अंगठी. इतक्या वर्षांच्या शेजारामुळं मलाच राहवेना. सावलीत बसलेल्या त्यांना म्हटलं, "अहो, रंग उतरेल ना."

ते मिरच्यांकडंच बघत राहिले. "उतरू द्या," म्हणाले. "लई वाट बघायला लावली मी तिला."

आता ते नाहीत. शेजारच्या दुकानाला कुलूप आहे, आणि दिवा टेबलाकडं वळवायला माझा अजून हात होत नाही. त्यांची फार आठवण येते. परवा वहिनींना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी आपणहून हात पुढं केला. खडा पाण्यासारखा झाला होता. सवयीनं मी मनात दहा मोजले. वहिनींचा हात तसाच उन्हात होता.