दोन मिनिटांचा थांबा

भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. धरणं आहेत, किल्ले आहेत, पुणेकरांची फार्महाऊस आहेत, रूळ नाहीत. आम्हा भोंगवलीकरांना गाडी गाठायची तर नीरा ओलांडून शेजारच्या तालुक्यातल्या एका लहान स्टेशनावर जावं लागतं. मोटारसायकलवर पाऊण तास. तिथे दोन फलाट, एक तिकीट खिडकी आणि चार नळ आहेत. त्यातला एक चालतो.

बहिणीने स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून वडिलांनी तिला घराची पायरी चढू दिली नव्हती. तिची मुलगी पाच महिन्यांची झाली, तरी त्यांनी पाहिली नव्हती. बहीण नवऱ्यासोबत, मुलीला घेऊन पॅसेंजरने पुण्याहून सांगलीला निघणार असं कळल्यावर मी विषय काढला. वडिलांनी माझ्या मोबाईलवर वेळापत्रक उघडायला लावलं. थांबा दोन मिनिटं.

“तेवढंच,” ते म्हणाले. “खिडकीतनं बघीन. आन त्यानं माझ्याशी बोलायचं न्हाई.”

बहिणीने अट मान्य केली. नात पाहिली तर कदाचित घरी बोलावतील, एवढीच तिला आशा होती.

गाडी उशिरा आली. वडील खिडकीशी गेले, नात पाहिली, घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं होताच मागे सरून त्यांनी निरोपाचा हात वर केला. गाडी हलली नाही. हात काही वेळ तसाच वर राहिला.

मग ते स्टेशन मास्तरांकडे गेले. “सायेब, दोन मिनिटं झाली की.”

“समोरून एक्स्प्रेस येतेय. एकच रूळ आहे. ती गेल्याशिवाय ही सुटत नाही.”

“टाइमटेबलात दोन मिनिटं लिवलंय.”

“ते तुमच्यासाठी हो. गाडी कुठं वाचते?”

बहीण मुलीला घेऊन फलाटावर उतरली. तिचा नवरा चालू नळावर गेला आणि एकच बाटली तीनदा भरली. वडिलांना आता बोलणं भाग होतं.

“चालता येत न्हाई आन बूट कशाला?”

“आप्पा, मोजे आहेत ते.”

“बुटावानी दिसत्यात.”

“धरा जरा, काढते.”

त्यांनी नातीला धरलं. मोजे निघाले. बहिणीने ते पिशवीत ठेवायला जरुरीपेक्षा बराच जास्त वेळ घेतला.

एक्स्प्रेस न थांबता धडधडत गेली. नातीने भोकाड पसरलं. वडिलांनी एक्स्प्रेसला उद्देशून एक शिवी दिली. ती छापता येणार नाही. नात गप्प झाली. सिग्नल हिरवा झाला.

“द्या आप्पा, गाडी सुटेल.”

त्यांनी लगेच दिली नाही. “ह्या गाडीचा काय भरवसा न्हाई. लेकराला घिऊन किती येळ उन्हात उभं ऱ्हायचं? पुढल्या बारीला यष्टीनं यायचं. आपल्या फाट्यावर उतरवत्यात.”

बहिणीने पुढे केलेले हात खाली घेतले. “आम्ही दोघंही?”

“यष्टीचं शीट दोघांचंच आसतंय. हिला मांडीवर घ्यायचं.”

गार्डने शिट्टी दिली. वडिलांनी नातीला बहिणीच्या हातात दिलं आणि नळाकडे वळून आवाज चढवला.

“ओ पाव्हणं, भरली आसल बाटली तर चढा आता.”