क्रॉयडनला झालेलं चक्रीवादळ

आमच्या ऑफिसातले किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. लिहिण्यासारखं काही घडतंय असं त्या वेळी वाटायचंच नाही. फाईल शोधताना एखादा घडायचा, आम्ही हसायचो, पुन्हा फाईल शोधायचो. नोकरी सुटल्यावर बघते तर काय, फाईली सगळ्या तिकडे राहिल्या आणि किस्से तेवढे माझ्याबरोबर घरी आले!

माझे यजमान सुधीर भूल देणारे डॉक्टर. आधी आम्ही लीड्सला होतो. मग नव्वदच्या आसपास त्यांना लंडनजवळ क्रॉयडनच्या बाजूला पोस्ट मिळाली, मुलगी शाळेत जायला लागली आणि मीही नोकरी धरली. हाय स्ट्रीटवर पडद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात एक छोटी चॅरिटी. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर वादळं यायची, समुद्र आत घुसायचा, विहिरी खारट व्हायच्या. तिथून काय गेलं, काय मोडलं याचे फॉर्म यायचे. ते नीट करून इथल्या चर्च, कौन्सिल, फंड अशा लोकांपुढे ठेवायचे आणि मदत तिकडे पोहोचते का ते बघायचं, हे आमचं काम.

आम्ही तिघंच. मार्गारेट हॉब्स बॉस, आधीची शाळेची हेडमिस्ट्रेस. ब्रायन टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला, त्यामुळे वायर असलेलं प्रत्येक यंत्र त्याच्याकडे. आणि मी.

* * *

ऑफिसात भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता. इंग्लंडमध्ये छापलेला, म्हणजे मधोमध इंग्लंड! पॅसिफिक बिचारा मधोमध कापलेला, अर्धा डाव्या कडेला, अर्धा उजव्या.

एकदा एका फंडाचे साहेब आले. सूट, छत्री, सगळं व्यवस्थित. मार्गारेटने त्यांना एका बेटाची सगळी हकीकत सांगितली. साहेब उठून नकाशापाशी गेले. चष्मा लावून या कडेला पाहिलं, त्या कडेला पाहिलं.

"मिसेस हॉब्स, हे बेट नकाशावर नाही."

मार्गारेटने ब्रायनकडून स्क्रूड्रायव्हर घेतला, नकाशा खाली उतरवला आणि साहेबांच्या देखत उजव्या बाजूची लाकडी पट्टी काढली. खाली अर्धा इंच कागद दबलेला होता आणि त्यात आमचं बेट!

"नकाशावर आहे," ती म्हणाली. "फ्रेममध्ये बसत नव्हतं, एवढंच."

* * *

एका बुधवारी दुपारी साडेचारला फॅक्स वाजायला लागला. मुख्य बेटावरून सिओने नावाच्या शिक्षकाने पाठवला होता. सिओने शाळेत गणित शिकवायचा आणि उरलेल्या वेळात आमचे फॉर्म भरायचा. धाकट्या बेटावर चक्रीवादळ झालं होतं. घरं गेली, माणसं शाळेत आणून ठेवलीत, ताडपत्र्या ताबडतोब हव्यात.

मी फॉर्म केला, आमचा शिक्का मारला आणि लंडनच्या एका फंडाला फॅक्स केला. तासाभरात तिथल्या माणसाचा फोन. मार्गारेटने स्पीकर लावला.

"तुमच्या अर्जात चूक आहे. अर्ज बुधवारचा आहे आणि वादळ गुरुवारचं."

तिकडे गुरुवार उजाडलेला असतो, बेटं आपल्या पुढे आहेत, हे मार्गारेटने समजावून सांगितलं. दोनदा सांगितलं.

"ते असेल," तो म्हणाला, "पण आमचा नियम स्पष्ट आहे. मदत झालेल्या नुकसानीसाठी असते. पुढे होणाऱ्या नुकसानीसाठी नाही."

"ठीक आहे," मार्गारेट म्हणाली. "म्हणजे तुमच्या मते वादळ अजून व्हायचंय. मग तुमच्याकडे काही तास आहेत. कृपया ते थांबवा!"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग "मी वरती विचारतो" झालं. ताडपत्र्या शुक्रवारच्या विमानाने निघाल्या. तिकडचा शुक्रवार की इकडचा, ते मात्र आम्ही कुणालाच विचारलं नाही.

* * *

पुढे फॉर्म बदलला. नव्या फॉर्मवर दोन रकाने आले: एक 'लॉस', एक 'डॅमेज'. सिओनेने फोन करून विचारलं, "या दोन्हीत फरक काय?"

मला सांगता येईना. मराठीत मी दोन्हीला नुकसानच म्हणते. मी फोन ब्रायनकडे दिला.

ब्रायनच्या डोक्यावर एकही केस नव्हता आणि त्याची गाडी महिन्यातून दोनदा गॅरेजमध्ये असायची. तो म्हणाला, "हे बघ सिओने, माझी गाडी म्हणजे डॅमेज. पैसे घातले की परत चालते. आणि माझे केस म्हणजे लॉस!"

सिओने तिकडे इतका हसला की मला माझ्या खुर्चीवर ऐकू आलं. मग त्याने एकेक विचारायला सुरुवात केली. शाळेचं छप्पर? गाडी. होडी? गाडी. जेटी? गाडी. ब्रायन भराभर उत्तरं देत होता आणि मी रकाने भरत होते.

"आणि गावची विहीर?" सिओनेने विचारलं. "खालून समुद्राचं पाणी शिरलंय. उपसून पाहिली. तीन वेळा उपसली. गोडं पाणी येत नाही."

रिसीव्हर कानाला तसाच धरून ब्रायन मार्गारेटकडे बघत राहिला. मार्गारेटने आपल्या केसांना हात लावला.

"केस," ब्रायन फोनमध्ये म्हणाला.

* * *

मग कॉम्प्युटर आला. ब्रायन लहान मुलासारखा खूश! सगळे फॉर्म आता त्यात भरायचे. पण प्रोग्रॅम इथल्याच कंपनीचा, त्यामुळे ज्याचं नुकसान झालं त्याचा पोस्टकोड टाकल्याशिवाय तो पुढेच सरकायचा नाही. बेटावर कसला आलाय पोस्टकोड? तिथे पत्रावर नुसतं नाव लिहिलं तरी पोहोचतं.

मी दोन दिवस झगडले आणि शेवटी प्रत्येक फॉर्मवर आमच्या ऑफिसचा पोस्टकोड टाकला. काम सुरळीत सुरू झालं. वर्षाअखेरीला ब्रायनने एक बटण दाबलं, सुंदर रिपोर्ट छापून निघाला आणि नेहमीप्रमाणे एक प्रत कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, गेली. आम्ही वाचला नाही. तिथे चुकलं.

आठवड्याने कौन्सिलमधल्या एका बाईंचा फोन आला. आवाज अगदी गंभीर.

"तुमच्या रिपोर्टप्रमाणे क्रॉयडनच्या हाय स्ट्रीटवर चक्रीवादळ झालंय. होड्या वाहून गेल्यात, आणि माडाची बरीच झाडं पडलीत."

मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मी झाडांच्या खात्यातून बोलतेय. एवढी झाडं पाडायची परवानगी कोणी घेतली होती?"

मी फोन मार्गारेटकडे दिला. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "समुद्राने घेतली नव्हती, हे खरं आहे."

* * *

आमच्या कामाबद्दल आपल्या मंडळींना फारसं कौतुक नव्हतं. वेम्बलीला एका शाळेच्या हॉलमध्ये गणपती असायचा. तिथे एका वर्षी प्रसादाच्या रांगेत एका सर्जन डॉक्टरांनी विचारलं, "वहिनी, तुम्ही नक्की काय करता हो?" मी सगळं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "पण मी म्हणतो, इतक्या लांब राहायला जातातच कशाला ही माणसं?"

त्यांच्या मागे त्यांची बायको उभी होती. ती म्हणाली, "विचारतंय कोण बघा! सोलापूर सोडून वेम्बलीत येऊन राहिलेला माणूस!"

* * *

लीड्सला आमच्या शेजारी मिसेस हेपवर्थ नावाच्या आजी राहायच्या. त्यांचा दहा-बारा जणींचा विणकामाचा ग्रुप होता. मी या नोकरीत लागले हे कळल्यावर त्यांनी मला न विचारता बेटावरच्या लोकांसाठी लोकरीचे जंपर, म्हणजे स्वेटर, विणायला घेतले! सहा मोठी खोकी थेट ऑफिसवर आली. बेटावर बारा महिने उकाडा. पण आजींना नाही म्हणायचं कसं?

मार्गारेट म्हणाली, "जहाजात जागा आहे. जाऊ देत. हेतू चांगला आहे."

चारेक महिन्यांनी सिओनेचं पत्र आलं. 'जंपर अतिशय उपयोगी पडले. आम्ही त्यांचे गळे आणि बाह्या शिवून टाकल्या, खालून वाळू भरून तोंड बांधलं आणि शाळेच्या मागे समुद्राच्या बाजूला रचले. गोणपाटापेक्षा टिकताहेत. आणखी पाठवता आले तर मोठ्या मापाचे पाठवा.'

पत्रात सगळ्यांना मनापासून धन्यवाद होते. म्हणजे ते त्या बायकांना वाचून दाखवणं आलं. मार्गारेट म्हणाली, "शेजारीण तुझी, जा तू!"

मी शनिवारी ट्रेनने लीड्सला गेले. चर्चच्या हॉलमध्ये बारा जणी सुया घेऊन बसलेल्या. त्यांनी पॅटर्न बघून, गळ्याला वेगळे रंग घालून विणलेले ते जंपर. मी पत्र वाचायला सुरुवात केली. वाळूपाशी आल्यावर मी भराभर वाचत सुटले. कशीबशी शेवटपर्यंत पोहोचले. सुया थांबल्या होत्या.

मिसेस हेपवर्थनी हातातलं विणकाम वर धरलं. अर्धा जंपर झाला होता. त्यांनी तो उजेडात फिरवून फिरवून पाहिला.

"मग आपण गळे कशाला विणतोय?" त्या म्हणाल्या.

आणि बाराच्या बारा जणींनी उसवायला घेतलं. पुढच्या खोक्यांत गळा नाही, बाह्या नाहीत, नुसत्या लांबलचक पिशव्या आल्या. रंगीत पट्टे मात्र होते.

* * *

एका वर्षी सिओने स्वतः आला. लंडनला फंडवाल्यांच्या कमिटीपुढे त्याला बोलायचं होतं. हॉटेल परवडणारं नव्हतं, म्हणून तो आमच्या घरी उतरला. उंच, चाळिशीचा, हळू बोलणारा माणूस. आठवडाभर रोज सूट घालून जायचा आणि थकून यायचा. किती घरं, किती होड्या, किती झाडं, हेच सगळे विचारत होते म्हणाला. त्याने सगळ्याची उत्तरं दिली होती.

त्या वेळी माझ्या सासूबाई भारतातून आमच्याकडे आल्या होत्या. साताऱ्याकडच्या. त्यांचं गाव धरणात गेलेलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि सिओनेला मराठी. रविवारी दुपारी मी वरण-भात केला. सिओने सरळ हाताने जेवायला लागला, तशा सासूबाई खूश झाल्या.

"ह्याचं गाव कुठलं गं?"

मी सांगितलं. समुद्र गावात येतोय तेही सांगितलं. सासूबाईंनी भात कालवायचा थांबवला.

"मग देव कुठं नेले, विचार त्याला."

मी विचारलं. सिओनेने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "हे मला इथे कोणीच विचारलं नाही." त्यांच्याकडे घराच्या अंगणातच गेलेल्या वडीलधाऱ्यांना पुरतात. त्याचे वडील, आजोबा, सगळे तिथेच. आता ती जागा समुद्रात होती. ओहोटी लागली की वर यायची. मग त्याची आई झाडू घेऊन जायची, वाळू-शेवाळ झाडायची आणि वेळ मिळाला तर फुलं ठेवायची.

मी सगळं मराठीत सांगितलं. सासूबाई मान हलवत ऐकत होत्या.

"आम्ही बी जातो," त्या म्हणाल्या. "मे महिन्यात पाणी उतरलं की देवळाचं जोतं दिसतं. झाडतो, दिवा लावतो, येतो."

सिओनेने विचारलं, "पाणी परत यायला किती वेळ लागतो?"

"पाऊस लागेस्तोवर. महिनाभर जोतं उघडं असतं. त्याला किती वेळ मिळतो?"

"दोन तास," सिओने म्हणाला.

सासूबाईंनी त्याच्या ताटात आणखी भात वाढला, वर वरण घातलं.

"मग तुझ्या आईला सांग बाबा," त्या म्हणाल्या, "आधी फुलं वाहा म्हणावं. झाडायचं नंतर."