बारा शब्दांची झेरॉक्स

“साहेब, बाराही शब्द जोडून देले मी. आता तरी मानन ना कोर्ट?”

मी चहाचा कप खाली ठेवला. समोर माझ्या अशील, मोहाडीच्या सुशीलाबाई. नवऱ्याचा कोसा रेशमाच्या साड्यांचा व्यापार होता. कमाईतला काही भाग त्यानं क्रिप्टोत टाकला आणि वारला. दीर म्हणतो, वॉलेट माझं. बाई राहतात दिराच्याच घरात. त्या पैशातून दोन खोल्या घेऊन वेगळं व्हायचं, एवढीच त्यांची इच्छा.

वॉलेट म्हणजे बँकेचं खातं नव्हे. त्यावर नाव नसतं. बारा इंग्रजी शब्द ज्याच्याकडे, त्याच्या हाती चावी. नवऱ्यानं लिहून ठेवलेले ते शब्द बाईंकडे होते. मालकी दाखवायची तर त्या चावीनं एक डिजिटल सही करून दाखवायची. शब्द मात्र कोणालाच सांगायचे नाहीत. भंडाऱ्याच्या कोर्टाचा आदेश तसाच होता. तारखेवर सही करून दाखवा, तोवर पैशाला हात लावू नका. घसा कोरडा पडेस्तोवर हे मी बाईंना समजावलं होतं.

“जोडले? कशाला?”

“प्रतिज्ञापत्राले. तुम्ही नागपूरले गेले होते. तहसीलीजवळचा अर्जनवीस म्हणे, पुरावा जोडल्याबिगर कागदाले किंमत नाही. स्टॅम्प पेपरवर टाइप केलं, झेरॉक्सवर सह्या केल्या, कोर्टात देऊन आली.”

“आणि दिराला?”

“त्यायलेबी एक कॉपी देली. विरुद्ध पार्टीले द्याच लागते म्हणे.”

नियम बरोबर होता, तोच तर ताप! आमच्याकडे कागद जोडल्याशिवाय माणूस खरा ठरत नाही. मी वॉलेटचा पत्ता कॉम्प्युटरवर टाकला. शिल्लक शून्य. आदल्या संध्याकाळीच सगळे पैसे कुठल्याशा अनोळखी पत्त्यावर गेले होते. ते शब्द किती जणांनी वाचले, देव जाणे. पोलिसांत तक्रार दिली. पत्ता दिसतो, माणूस दिसत नाही.

वॉलेट रिकामं झालं तरी चावी चालत होती; तारखेवर बाईंनी सही करून दाखवली. दिरानं हक्कच सोडला.

“वहिनीचंच हाये, साहेब. माही काही हरकत नाही.”

कोर्टानं मालकी नोंदवली. मला नुसता थकवा आला.

“जिंकलो ना आपण?” बाईंनी विचारलं.

“जिंकलो.”

क्रिप्टोत पुरावा दाखवायचा असतो, जोडायचा नसतो. आता प्रत्येक अशिलाला हे मी फीच्या आधी सांगतो. सुशीलाबाईंना ते सांगण्यात अर्थ उरला नव्हता. बाहेर दीर मोटारसायकल सुरू करून उभा होता. बाई पदर सावरून त्याच्याच मागे बसल्या.