पाडव्याला विचारायचा प्रश्न

आमच्या चर्चच्या तरुण संघात महिन्यातून एकदा कुणीतरी बोलायचं असतं. मार्चमध्ये माझी पाळी आली. पाळकांनी विषय दिला, बायबलमधल्या मोशेच्या नियमांतला इब्री, म्हणजे ज्यू, दास. सहा वर्षं चाकरी, सातव्या वर्षी सुटका. पण तो स्वतःच म्हणाला, की माझं धन्यावर आणि बायकोमुलांवर प्रेम आहे, मला जायचं नाही, तर धन्याने त्याला दाराच्या चौकटीशी उभं करून आरीने त्याचा कान टोचायचा. मग तो कायमचा त्या घरचा.

माझे बाबा तेव्हा निफाडकडच्या एका द्राक्षबागेत सालगडी होते. म्हणजे वर्षाच्या बोलीवर बागेतच राहणारे गडी. साल गुढीपाडव्याला संपायचं. त्या दिवशी मालक विचारायचे, "काय, राहतो ना?" बाबा मान हलवायचे आणि नवं साल लागायचं. आई सुरगाण्याकडच्या आमच्या गावी नागलीचं शेत सांभाळायची. मी नाशिकला कॉलेजात, घरातला पहिलाच.

यंदा बाबांची बरोबर सहा वर्षं भरत होती. हे मला देवाचं बोट वाटलं. या पाडव्याला बाबांनी मान हलवायची नाही, असं मी ठरवून टाकलं. कॉलेजजवळच्या एका सोसायटीत वॉचमनची जागासुद्धा बघून ठेवली. फक्त बाबांना सांगायचा धीर होत नव्हता. म्हणून भाषणातूनच सांगावं, या हिशेबाने मी त्यांना त्या रविवारी मुद्दाम बोलावलं.

बाबा धुतलेला सदरा घालून शेवटच्या बाकावर बसले. ख्रिस्ताने आपल्याला मोकळं केलं, मग माणसाने माणसाच्या दारात जन्म का काढावा, असं काहीतरी मी बोललो. टाळ्या वाजल्या.

नंतर चहाच्या वेळी पाळक म्हणाले, "छान बोललास. पण एक वाक्य गिळलंस."

मला माहीत होतं कोणतं. दासाला बायको धन्याने करून दिली असेल, तर ती आणि मुलं धन्याकडेच राहणार, त्याने एकट्याने निघायचं.

"ते मला आवडलं नाही," मी म्हणालो.

"मलाही नाही आवडत. पण शास्त्रातलं गिळू नये, चावावं. आणि सातवं वर्ष म्हटलं, की तुझी मान मागे का वळत होती रे?"

बाबा बशीतला चहा फुंकत म्हणाले, "मला वाटलं, मागं भिंतीवर पाल हाय."

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मी बागेवर गेलो. बाबांना वाचता येत नाही. खोलीबाहेर बसल्यावर म्हणाले, "ते गिळलेलं वाच."

मी सगळं वाचलं.

"बायको आत व्हती म्हणून राहिला म्हण की गडी."

"धन्यावर प्रेमही होतं, बाबा."

"असंल. पण माझी बायको कुठं हाय?"

"गावी."

"मंग?"

हीच संधी समजून मी वॉचमनच्या जागेचं सांगितलं. बाबांनी नीट ऐकून घेतलं.

"काम काय?"

"गाडी आली की गेट उघडायचं."

"रजा?"

"महिन्याला दोन."

"टोपी?"

"देतात."

"इथं धनी एकच व्हता. तिथं चाळीस घरचे चाळीस. वरून टोपी. पोरा, लय मोकळं केलंस मला!"

ते हसले. मीही हसलो, जरा उशिराने. बँकेचा अर्ज भरून त्यांचा अंगठा घ्यावा, तसं मी त्यांचं उत्तर परस्पर लिहून ठेवलं होतं. त्या जुन्या नियमात धनी कितीही मोठा असो, राहायचं की जायचं हे दासाच्या तोंडूनच यावं लागतं. हे मी दहा वेळा वाचलं होतं आणि बाबांना एकदाही विचारलं नव्हतं.

"तुम्हाला काय करायचंय, बाबा?"

"नागली लावायची. आन तुझ्या आईची बोलणी खायची. फोनवर निम्मीच येतात."

सकाळी गुढी उभारून मालक ओट्यावर बसले. द्राक्षं उतरल्यावरची खरड छाटणी तोंडावर आली होती, त्यामुळे या वेळी ते जरा घाईनेच म्हणाले, "काय, राहतो ना?"

बाबांची मान सवयीने हलायला लागली. मान मध्येच थांबली.

"नाय मालक. औंदा घरी जातो."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "कॉलेजवाल्याने शिकवलं वाटतं?"

"त्यानं? त्यानं तर मला गेटवर बसवला असता!"

मालकांना हसू आवरलं नाही. मग त्यांनी आत हाक मारली. मालकीणबाईंनी गव्हाचं पोतं काढायला लावलं, द्राक्षांची पेटी दिली आणि गोठ्यातलं एक करडू दोरीसकट बाबांच्या हातात ठेवलं. सुटलेल्या दासाला रिकाम्या हाताने पाठवू नये, कळपातलं, खळ्यातलं, द्राक्षकुंडातलं द्यावं, असंही मोशे सांगतो. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा पुटपुटले, "इथं भाषण नको."

ते पाया पडायला वाकले. मालकांनी त्यांना अर्ध्यातच धरून उभं केलं.

"छाटणीला तरी आठ दिवस येशील का रे?" मालकांनी विचारलं.

बाबांनी करडाची दोरी मनगटाला गुंडाळली.

"बायकोला इचारून सांगतो," ते म्हणाले.