मामाची व्हॅन आणि विम्याची डबी

वॉशिंग मशीन दुरुस्त करायला मुलगी आली की लोक आधी तिच्या मागे बघत. खरा मेकॅनिक मागून येत असेल, असं त्यांना वाटे. मागे कोणी नसे, नुसती मामाची पांढरी व्हॅन उभी असे. मुलगी अवजारांची पेटी दारात टेकवून म्हणे, “मीच ती. मशीन कुठंय?” घरात तिला लहानपणापासून ठकी म्हणत आणि आता ती चांगली कमावती झाली तरी कोणी सवय बदलायला तयार नव्हतं.

मामाने उभा जन्म शहरात बस चालवली आणि तिला एक ओरखडा येऊ दिला नाही. हे तो कोणी न विचारता सांगायचा. जेवताना सांगायला लागला की मामी त्याच्या ताटात भाजी वाढायची, म्हणजे निदान तोंड भरलेलं राहील. ठकीला गाडी त्यानेच शिकवली. तिने दुरुस्तीचं काम सुरू केलं तेव्हा किल्ली तिच्या हातावर ठेवून म्हणाला, “गाडी तुझीच समज. फक्त सकाळी बाजाराला मी नेणार.”

घोडं अडलं ते विम्यापाशी. दोन मोठ्या वसतिगृहांच्या मशीन सांभाळायचं वर्षभराचं काम ठकीला मिळत होतं, पण गाडीला कामाचा विमा हवा, ही त्यांची अट होती. व्हॅनचा विमा होता घरगुती वापराचा, आणि चालवणारा म्हणून त्यात एकटा मामा.

“मीच चालवतो म्हणून सांगू की! कोण बघायला येतंय?” मामा म्हणाला.

“आणि उद्या कोणाला लागलं तर? विमावाले हात वर करतील. मग त्या माणसाला काय सांगायचं, मामा चालवत होता?”

मामाने चपला पायात सरकवल्या.

दोघं विम्याच्या कचेरीत गेले. चालवणारी तरुण, गाडी नात्यातल्या माणसाची, त्यात वापर धंद्याचा. हप्ता ऐकून ठकीचे डोळे पांढरे झाले. तिथली बाई भली होती. तिने साबणाच्या वडीएवढी एक डबी पुढे केली. ही गाडीत बसवायची. ब्रेक करकचून दाबला किंवा वळण झपकन घेतलं की ती टुंग करणार आणि मार्क कापणार. मार्क चांगले पडले तर हप्ता कमी, घसरत गेले तर विमा बंद. बाई आणखीही काही सांगत होती, पण तेवढ्यात मामाने तिला बसला ओरखडा न आल्याची हकिगत ऐकवायला घेतली होती.

ठकी गाडी अशी चालवू लागली, की जणू मांडीवर दुधाचं काठोकाठ भरलेलं पातेलं आहे. मागचे हॉर्न वाजवून दमले. डबी एकदाही वाजली नाही. ठकी खूश. आणि मग मोबाइलवर निरोप आला: मार्क फार घसरलेत, महिनाअखेर सुधारले नाहीत तर विमा बंद होईल.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. विमा गेला तर वसतिगृहांचं काम गेलं. ते गेलं की पुन्हा पेटी खांद्याला लावून पायी वणवण.

“तुझा पाय जड आहे,” मामा मायेने म्हणाला. “चल, पुन्हा शिकवतो.” रोज संध्याकाळी मोकळ्या मैदानात, बाहेर कडेला उभा राहून तो तिला ब्रेक दाबायला शिकवू लागला. ठकी मुकाट शिकत होती. मार्क घसरतच होते. एकदा अंघोळीला गेली तेव्हा नळ सोडून पोटभर रडली. आपल्याला गाडी येत नाही, असं तिला पहिल्यांदाच वाटायला लागलं होतं.

एका सकाळी तिला मशीनचा पट्टा आणायचा होता. दुकान बाजारातच, म्हणून ती मामाबरोबर निघाली. पहिल्याच सिग्नलला मामाने गाडी पुढच्या टेम्पोला जवळजवळ चिकटवून थांबवली.

टुंग.

“ब्रेक कसा, अलगद दाबायचा,” मामा समजावत होता. वळण आलं. टुंग. पुढे भाजीची हातगाडी आली. टुंग, टुंग.

ठकीला हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ असा राग आला की कान तापले. पण बोलणार काय? किल्ली देणारा हा, शिकवणारा हा. शेवटी न राहवून म्हणाली, “मामा, ही रोज वाजते?”

“रोज! मला ओळखते ती. ‘ही ठकी नव्हे’ म्हणून कळवते वर.” मामाने हसून तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं. “तुझ्या हातात नाही वाजत?”

“एकदाही नाही.”

मामाने गाडी कडेला घेतली. टुंग. खाली उतरून तो तिच्या दाराशी आला. “सरक तिकडे. तू चालव.”

ठकी बाजार राहू देऊन थेट विम्याच्या कचेरीकडे निघाली. मामाचा डोळा डबीवर. मध्येच एक सायकलवाला आडवा आला, पण गाडी केव्हाच मंदावलेली होती.

“तुला आधीच दिसला होता?”

“लांब बघ, असं तूच शिकवलंस ना.”

“शिकवलं खरं,” मामा पुटपुटला. “तुझे उगाच हाल केले गं मी.”

कचेरीत तो बाईसमोर ताठ उभा राहिला. “ते सगळे टुंग माझे आहेत. पोरीचा एकही नाही.”

“काका, डबी गाडी मोजते, माणूस नाही. त्या दिवशी सांगितलं होतं मी.”

“सांगितलं असेल. तेव्हा मीच बोलत होतो.”

बाईला हसू आवरेना. मग ती म्हणाली, “चालवणाऱ्यांतून तुमचं नाव काढलं तर मार्क पहिल्यापासून मोजता येतील. गाडी तुमचीच राहील, पण तुम्हाला ती चालवता येणार नाही.”

“नको मामा,” ठकी घाईने म्हणाली. “आपण दुसरं काहीतरी बघू.”

मामाने टेबलाची कड घट्ट धरली होती. “काढा नाव,” तो म्हणाला. आणि जरा थांबून, “शेजारी बसणाऱ्याला विमा असतो का?”

“असतो की.”

“मग तिथे लिहा मला.”

“त्याला नाव लागत नाही, काका. शेजारी कोणीही बसू शकतं.”

“कोणीही नाही,” मामा म्हणाला. “मी बसणार.”