प्रेमाचं विष आणि माझी बाटली

आमच्या गावात प्रेमापायी कुणी मेलेलं मी पाहिलेलं नाही. मरतात ते फक्त देवळापुढच्या नाटकात, दरवर्षी पूजेला.

यंदा मरायची पाळी माझ्या लेकाची, संतोषची होती. दिवसभर एमआयडीसीत, संध्याकाळी तालीम. वय चौतीस, लग्नाचा पत्ता नाही. आणि नाटकात मात्र बाईसाठी जीव देणार! नाटक लिहिलेलं माझ्या धाकट्या दिरानं, बबनभावजींनी. नायिका भाड्याची, ती प्रयोगाच्या दिवशी यायची. तोवर तिचं काम भावजीच करायचे, डोक्यावर टॉवेल घेऊन. (मिशा तशाच!)

त्या रविवारी कुडपणहून पाहुणे संतोषला बघायला आले. मुलगी मनीषा आणि तिचे वडील. मी भावजींना म्हटलं, "जरा सोडा की पोराला."

"वयनी, आज शेवटचा अंक हाय. हिरो सोडला तर मी कुणावर प्रेम करू?"

मनीषाचे वडील म्हणाले, "मग तिथंच बघू की."

झालं! आम्ही सगळे देवळात. सकाळी संतोष म्हणाला होता, "आये, विषाच्या बाटलीत कोकमाचं सरबत भरून ठेव गो." पाहुण्यांच्या गडबडीत मी पडवीतल्या फळीवरची एक लाल बाटली उचलून दिली होती.

भावजी टॉवेल सावरत म्हणाले, "नाथा, तुमच्याविना हे चांदणं मला जाळतं!"

मी पाहुण्यांना म्हटलं, "चांदण्यानं कोण भाजलेलं ऐकलंय कधी? आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात मला 'मीठ घाल' यापलीकडं काय सांगितलं नाय. तरी चार पोरं झाली!"

पाहुणे खाली बघायला लागले. मनीषा मात्र खुदकन हसली.

तेवढ्यात संतोष ओरडला, "तुझ्या पापण्यांच्या सावलीत मला मरू दे!" आणि बाटली एका दमात रिकामी केली.

मग जे झालं ते नाटकात नव्हतं. डोळे बाहेर आले, तोंड वेडंवाकडं झालं, पोरगं आडवं पडून पाय झाडायला लागलं. ओठांतून लाल ओघळ!

"वा रे वा!" भावजी खूश. "आज खरा मेलास!"

मला पडवीतली फळी आठवली. त्याच फळीवर फवारणीचं औषधही होतं! मी धावले, पोराचं डोकं मांडीवर घेतलं आणि गळा काढला, "माझ्या राजा! तुझ्याबिगर हा उजेड मला काळोख रं! मला पण घेऊन जा!"

"वयनी," भावजी चिडून म्हणाले, "हे माझं वाक्य हाय!"

इतक्यात मांडीवरचं प्रेत बोललं, "आये... खारट... पाणी!"

आगळ! कोकमाचा मीठ घातलेला नुसता रस! कढीला चमचाभर पुरतो, आणि माझ्या पोरानं प्रेमापोटी बाटलीभर घशाखाली घातला होता. देऊळभर लोक हसत होते. मनीषाचे वडील मात्र उठले. "चल गो," ते मुलीला म्हणाले, "हितं सगळी माणसं नाटकीच हायत."

संपलं, मी मनात म्हटलं. पोराचं लग्न मीच मोडलं. मी तशीच बसून राहिले. तोंडसुद्धा पुसलं नाही.

मनीषा उठली. कोपऱ्यातल्या कळशीतून तांब्या भरला आणि संतोषच्या हातात दिला. तो घटाघट प्यायला आणि तिच्याकडं बघून एवढंच म्हणाला, "अजून एक."

"बाबा," ती म्हणाली, "मघा मेला तो मला नको. उठून पाणी मागतो तो चालेल." मग माझ्याकडं वळली. "पण लग्नात रडायचं ते आमच्या माणसांनी. तुमी नाय रडायचं, आताच सांगते!"

मी कबूल केलं. मला काय, मी कशाला रडते?

लग्नात अंतरपाट खाली आला. पोरानं तिच्याकडं बघितलं, तिनं त्याच्याकडं. शायरी नाही, चांदणं नाही, काही नाही. आणि मला मेलीला हुंदका फुटला! शब्द दिला होता, म्हणून पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि गदगदत उभी राहिले.

मागून कुणीतरी म्हणालं, "बघ गो, म्हातारीला त्या नाटकाचं अजून हसू आवरत नाय!"